दत्तोपंतांचा हॉर्न

सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत दत्तोपंत पांढरीपांडे राहतात. एका सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. तरी दूधवाला उशिरा आला की ते त्याला अजून कारण विचारतात आणि लेखी दिलं तर बरं पडेल असंही सुचवतात. मेथीची जुडी घेताना ती उलटसुलट करून पाहतात, "मिळाली" असं मोठ्याने म्हणतात आणि मगच पिशवीत टाकतात. माणूस मात्र मनाने लोणी. गल्लीतल्या कुत्र्यांना पोळी, चिमण्यांना तांदूळ, मुंग्यांना साखर. त्यांच्या पत्नी यशोदाबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या म्हणतात, "वर गेल्यावर यांची शिफारस कोणी करो न करो, मुंग्या नक्की करतील."

दर मंगळवारी दोघं स्कूटरवर केळझरच्या गणपतीला जातात. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकांची दत्तोपंतांना धास्ती, म्हणून परतताना ते आतल्या रस्त्याला लागतात. हा रस्ता एका टेकडीला वळसा घालतो. वळणावर अनुसयाबाईंचं चहाचं दुकान आहे. चार लाकडी बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, पुढे एक बाक, आणि मागे त्यांचं वावर. टेकडीवर काळ्या तोंडाच्या वानरांचा एक कळप असतो; पाण्यासाठी तो रस्ता ओलांडून पलीकडच्या नाल्यावर जातो.

एका मंगळवारी चहा पिताना दत्तोपंतांच्या मांडीवर प्रसादाची केळी होती. एक वानर येऊन समोर बसलं आणि त्यांच्याकडे पाहू लागलं. अर्ज घेऊन आलेला माणूस जसा खिडकीशी उभा राहतो तसं ते बसलं होतं, असं दत्तोपंत नंतर सांगत. त्यांनी केळं दिलं. पुढच्या मंगळवारी पाच-सहा आली. श्रावण संपेपर्यंत अख्खा कळप यायला लागला आणि दत्तोपंतांनी सगळ्यांना पदं वाटून टाकली. सगळ्यांवर गुरगुरणारा थोराड हुप्प्या तो साहेब. कोणाचं लक्ष नसताना दोन केळी उचलणारा बडेबाबू. दुसऱ्यांच्या उवा काढत बसणारी म्हातारी टायपिस्ट. आणि एक कोवळं पिल्लू होतं, ते एका जागी बसायचंच नाही. रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला आणि त्या कडेवरून या कडेला. त्याचं नाव ठेवलं आवक-जावक.

सुरुवातीला वानरं टेकडीवरून उतरायला वेळ लावत. दत्तोपंतांना आयुष्यभर दुसऱ्यांना वाट पाहायला लावायची सवय. स्वतः वाट पाहणं त्यांना जमेना. त्यांनी युक्ती काढली. वळणावर आले की स्कूटरचा हॉर्न वाजवायचा, दोनदा तोकडा, एकदा लांब. पों, पों, पोंऽऽ. महिन्याभरात कळप इतका तयार झाला, की हॉर्न वाजला की झाडं हलायची आणि वानरं धडाधड रस्त्यावर हजर व्हायची.

"तीस वर्षं नोकरी केली," दत्तोपंत गल्लीत सगळ्यांना ऐकवत, "पण बोलावल्यावर इतका स्टाफ वेळेवर कधी आला नाही."

"त्यांना न येता पगार मिळत नाही, म्हणून येतात," यशोदाबाई म्हणत.

दत्तोपंतांचं पाहून बाकीचेही थांबायला लागले. नागपूरच्या गाड्या थांबत, काचा खाली होत, पोरं कुरकुरे फेकत आणि आया मोबाइलवर फोटो काढत. अनुसयाबाईंनी दुकानापुढे केळीचे घड टांगले आणि फुटाण्याच्या पुड्या बांधून ठेवल्या. धंद्याच्या बाबतीत त्या कोणाला अडवणाऱ्या नव्हत्या. "काकाजी, तुमच्या पुण्यात माहा बी चारानेचा वाटा," असं म्हणून त्या हसायच्या.

मग रस्ता रुंद झाला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचा आणि कडुनिंब होते, त्यांच्या फांद्या वर एकमेकींत गेलेल्या होत्या, आणि कळप वरच्या वरच पलीकडे जायचा. ती झाडं गेली. खड्डे गेले. डांबर असं गुळगुळीत झालं, की आधी जिथे गाड्या रांगत होत्या तिथे आता सुळकन निघून जायला लागल्या. आता वानरांना पलीकडे जायचं तर पायीच, डांबरावरून. हे दत्तोपंतांनीही पाहिलं; नाही असं नाही. पण त्यांना वाटलं, आपण आहोत ना लक्ष ठेवायला. मंगळवारी तासभर ते असायचे. बाकीच्या आठवड्याचं काय, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

जे झालं ते मंगळवारीच झालं, ऐन दुपारी. खाऊ वाटून झाला होता. कळप पलीकडच्या उतारावर सावलीला बसला होता. दत्तोपंत आणि यशोदाबाई बाकावर चहा घेत होते. वळणापलीकडून एक गाडी आली. पुढचं दिसत नव्हतं म्हणून चालवणाऱ्याने हॉर्न दिला. दोनदा तोकडा, एकदा लांब.

उतारावरून आवक-जावक उठला आणि नाचत रस्त्यावर आला. मागून त्याची आई उठली, पण तिला उशीर झाला.

ब्रेकचा आवाज टेकडीपर्यंत गेला. गाडीतून एक तरुण उतरला. पुलगावचा मुकेश, औषधं विकायला गावोगाव फिरणारा. तो पिल्लाकडे पाही, मग दत्तोपंतांकडे. "काका, मी हॉर्न दिला होता हो. वळण होतं म्हणून मुद्दाम दिला होता. जनावर हॉर्न ऐकून बाजूला होते ना? हे काऊन धावत आलं?"

दत्तोपंतांच्या हातात कप तसाच होता.

पिल्लाची आई रस्त्यातच बसली होती. ती पिल्लाला उचलायची, पिल्लू लोंबायचं, मग ती पुन्हा खाली ठेवायची. येणाऱ्या गाड्यांना यशोदाबाईंनी पदर हलवून थांबवलं. बऱ्याच वेळाने आई मागे सरली, तेव्हा अनुसयाबाईंनी जुनं लुगडं आणून पिल्लू त्यात उचललं. जाता जाता त्या दत्तोपंतांजवळ थांबल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

"काकाजी, तुमचा हारन कोनता अन् दुसऱ्याचा कोनता, हे त्या लेकराले कसं समजन?"

दत्तोपंत बाकावर बसून रडले. मुकेशने त्यांना पाणी दिलं.

पंचनाम्याला वनरक्षक छाया मोटारसायकलवर आली. तिशीच्या आतली, चटचट काम करणारी पोरगी. तिने जागा पाहिली, चारी बाजूंना मान फिरवली आणि सुस्कारा सोडला. दत्तोपंतांनी विचारलं, "बाई, असं फार होतं का हो?"

"होतं ना काका. पण सगळीकडे सारखं होत नाही. ठरलेल्या जागा असतात. जिथे वळण आहे, जिथे एका बाजूला पाणी अन् दुसऱ्या बाजूला जंगल आहे, जिथे कडेला कोणी खायला टाकतं, अन् जिथे रस्ता नवा झाला आहे. तुमच्या या वळणावर सगळंच एका ठिकाणी आहे. मेलेलं जनावर कोणी उचललं नाही तर ते खायला कोल्हा येतो, मग तोही मरतो. रस्ता खराब असला की कमी मरतात."

"म्हंजे खड्डे पुन्याचे व्हते म्हना!" अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी टांगलेल्या घडाकडे एकदा पाहिलं आणि तो काढून आत ठेवला.

गावातून रूपराव आले, त्यांच्यासोबत पंधरा-वीस माणसं आली. रूपराव हे गावातल्या प्रत्येक कामात पुढे असणारे गृहस्थ. काम कोणतंही असो, पहिलं भाषण त्यांचं. पिल्लाला गुलाल लावला, फुलं वाहिली आणि रस्त्याकडेच्या पळसाखाली पुरलं. मग रूपराव हात जोडून म्हणाले, "साक्षात मारुतीरायानं इथं देह ठेवला. आता इथंच, ह्याच जागेवर, रस्त्याले लागून मंदिर होईन. अन् समितीचे अध्यक्ष आपले काकाजी!"

दत्तोपंतांचे डोळे वाहत होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. लोकांनी "बजरंगबली की जय" म्हटलं.

यशोदाबाई दुसऱ्या दिवसापर्यंत थांबल्या. शिकवताना त्यांची पद्धतच होती, उत्तर सांगायचं नाही, पायऱ्या करून घ्यायच्या. सकाळी दत्तोपंतांच्या पुढ्यात पोहे ठेवून त्या म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, मंदिर झालं की काय होईल?"

"लोकं दर्शनाला थांबतील."

"थांबून?"

"नारळ फोडतील."

"खोबरं कुठे पडेल?"

दत्तोपंतांनी हातातला घास परत बशीत ठेवला.

"तुमच्या एका हॉर्नने एक पिल्लू गेलं," यशोदाबाई म्हणाल्या. "देवळाची घंटा ऐकून सगळा स्टाफ येईल. अन् तोही रोज, नुसता मंगळवारी नाही."

हनुमान चालिसा तोंडपाठ असलेल्या माणसावर मारुतीच्या देवळाला विरोध करायची पाळी आली. आयुष्यात कधी नव्हे ते दत्तोपंत सकाळी केलेली पूजा दुपारी पुन्हा करून आले. बहुधा मारुतीरायाला आगाऊ कल्पना देण्यासाठी.

संध्याकाळी बैठक अनुसयाबाईंच्या दुकानातच भरली. दत्तोपंत उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "सदर प्रस्तावाबाबत माझे असे नम्र निवेदन आहे की, प्रस्तावित स्थळ हे..."

"काकाजी, मराठीत सांगा ना जी," मागून कोणीतरी म्हणालं.

दत्तोपंतांनी मराठीत सांगितलं. रस्त्याला लागून देऊळ नको. एकदम कालवा झाला. रूपराव ताडकन उठले. "काल रडून राह्यले होते अन् आज मारुतीच्या आड येऊन राह्यले? शिकल्या-सवरल्या लोकायचं हेच असते. देवधर्म नाईच!"

"रूपराव, मी रोज..."

"रोज काय? केळं खाऊ घाल्लं म्हनून मोठे भक्त झाले काय?"

ते बोलणं दत्तोपंतांना इतकं नेमकं लागलं, की ते परत बाकावर बसले. तेव्हा यशोदाबाई उठल्या. "रूपरावभाऊ, मंदिर व्हावंच. पण मारुतीला रस्त्याच्या कडेला बसवून काय गाड्या मोजायला लावता? त्याने अख्खा डोंगर उचलला, त्याला डोंगराजवळ बसवा ना."

लोक हसले. रूपरावांनाही हसू आवरेना, पण त्यांनी ते मिशीत अडवलं. "डोंगराजवळ म्हंजे कुठं?"

आता अनुसयाबाई बोलल्या. त्यांच्या वावराच्या बाजूने एक पांदण आत जाते, बैलबंडी जाईल एवढीच. पांदणीच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, त्यांचा एक पडीक तुकडा आणि जुनी विहीर आहे. "तिथं बसवा. जागा माही. गाड्या इथं दुकानाजवळ वावरात लावा, अन् पायी जा. गाडी आत जातच नाई." जाताना एक चहा आणि येताना एक चहा, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण ते सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कोणाची हरकत नव्हती.

छाया कोपऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "अन् तिथेही वानरांना खायला देऊ नका. एकदा माणसाच्या हातचं खाल्लं की ती पुन्हा रस्त्यावर मागायला येतात. टेकडीवर बोरं आहेत, उंबर आहेत, पळसाची फुलं आहेत. त्यांचं त्यांना पुरतं."

"मंग परसाद कोनी खावा?" रूपरावांनी विचारलं.

"भक्तांनी," दत्तोपंत म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं एवढं एकच वाक्य कोणी खोडलं नाही.

देवळाचं ठरलं, पण गाड्या काही थांबायच्या थांबल्या नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वळणावर वानरं दिसत आणि काचा खाली होत. तेव्हा दत्तोपंतांनी स्वतःच्या हाताने फळा लिहून आणला. त्यावर सुवाच्य अक्षरात होतं: "सर्व संबंधितांना याद्वारे सूचित करण्यात येते की, सदर वळणावर वन्यप्राण्यांस कोणत्याही स्वरूपाचे खाद्य देणे हे त्यांच्या जीवितास अपायकारक ठरत असल्याचे निदर्शनास आले असल्याने, प्रवाशांनी त्यापासून परावृत्त व्हावे." मजकूर एवढा लांब होता, की तो वाचायला गाड्या थांबू लागल्या. आणि थांबलेल्या गाडीजवळ वानरं येणारच. बडेबाबू तर फळ्यावरच जाऊन बसला. लोक फळा वाचून होईपर्यंत त्याला दोन बिस्किटं देऊन टाकत.

यशोदाबाईंनी पांढरा रंग मागवला, सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "इथे केळं दिलं की वानर मरतं. गाडी हळू." मग कुठे लोक बिचकले.

तरीही काही जण थांबत. मग मंगळवारी दत्तोपंत तिथे स्वतः उभे राहू लागले. डोक्यावर टोपी, गळ्यात दुपट्टा, हातात यशोदाबाईंची छत्री. गाडी थांबली की ते जवळ जात आणि नमस्कार करून नको म्हणत. कोणी ऐके, कोणी हसे. एकदा नागपूरच्या एका बाईंनी त्यांना सुनावलं, "काय हो काका, मुक्या जिवाचा घास काढता? कुठे फेडाल हे पाप?" दत्तोपंतांनी हात जोडून सांगितलं, "बाई, तेच फेडायला उभा आहे." बाईंनी काच वर केली. फुटाणे मात्र दिले नाहीत.

रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून त्यांनी अर्जही केला. आडवे जाड पांढरे पट्टे हवेत, ज्यांच्यावरून गाडी गेली की आतल्यांचे दात वाजतात. कोणत्या कचेरीत केला ते मी सांगत नाही. तिथल्या खिडकीतल्या तरुण बाबूने त्यांना "उद्या या" म्हटलं. दत्तोपंत दुसऱ्या दिवशी गेले. तो म्हणाला, "साहेब दौऱ्यावर." तिसऱ्यांदा गेले तर म्हणाला, अर्जाला नकाशा जोडलेला नाही. घरी येऊन दत्तोपंतांनी कौतुकाने सांगितलं, "पोरगा तयार आहे हो! मीसुद्धा इतक्या सफाईने परत पाठवत नव्हतो." आणि नकाशा जोडून ते पुन्हा गेले. ते जातच राहिले. शेवटी पट्टे आले. ते दत्तोपंतांमुळे आले की दत्तोपंत येऊ नयेत म्हणून आले, याबद्दल गल्लीत दोन मतं आहेत.

सगळ्यात अवघड काम मात्र हॉर्नचं होतं. केळी बंद झाली, पण कोणत्याही गाडीने हॉर्न दिला की कळपातली तीन-चार वानरं रस्त्याकडे झेपावायचीच. ती सवय दत्तोपंतांनी लावली होती, आणि ती मोडायची त्यांनीच, असं छायाने सांगितलं. "पण रस्त्यावर नको काका. आत पांदणीत जाऊन हॉर्न वाजवा अन् काही देऊ नका. त्यांच्याकडे पाहूही नका. येऊन येऊन कंटाळतील."

म्हणून दत्तोपंत स्कूटर पांदणीत ढकलत नेऊ लागले. एकदा मला सोबत नेलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पांदणीच्या मध्यावर त्यांनी स्कूटर उभी केली. पों, पों, पोंऽऽ. टेकडीवरची झाडं हलली. कळप आला आणि अर्धगोल करून बसला. दत्तोपंत त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि डोळे मिटून रामरक्षा म्हणू लागले. मग साहेब उठला, दोन पायांवर चालत आला आणि त्याने दत्तोपंतांच्या खांद्यावर हात ठेवला. दत्तोपंतांचा आवाज चढला, पण डोळे उघडले नाहीत. साहेबाने टोपी काढून आत काही आहे का ते पाहिलं, काही नव्हतं, ती उलटी करून परत डोक्यावर ठेवली. मी हसू दाबता दाबता मेलो.

केळं मिळत नाही हे कळल्यावर वानरांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारीच अनुसयाबाईंचा हरभरा होता, घाट्यांनी भरलेला. सगळा कळप तिकडे वळला. थोड्या वेळाने अनुसयाबाई काठी आपटत आणि ओरडत धावत आल्या.

"काकाजी! त्याइले आफिसात तुमी बलावता अन् जेवाले माह्या वावरात धाडता काय?"

दत्तोपंतांनी डोळे उघडले. उलटी टोपी, समोर लुटलेला हरभरा आणि कमरेवर हात दिलेल्या अनुसयाबाई. "माफ करा," ते म्हणाले. "हे... हे निदर्शनास आलं नव्हतं."

त्यांनी नुसती माफी मागितली नाही. हरभरा निघेपर्यंत ते रोज सकाळी येऊन वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसायचे आणि डबा वाजवून वानरं हाकलायचे. हॉर्नचा सराव त्यांनी विहिरीपलीकडच्या दगडी उतारावर नेला, जिथे खाण्यासारखं काहीच नव्हतं. त्या उतारावर स्कूटर नेता येत नव्हती, म्हणून त्यांनी गोपाल मेकॅनिककडून तिचा हॉर्न काढून घेतला आणि तो एका जुन्या बॅटरीला जोडून पिशवीत घालून नेऊ लागले. सिंदी मेघेत मग त्यांची स्कूटर मुकी फिरायची. समोर म्हैस आडवी आली तर मागे बसलेल्या यशोदाबाई "हाऽट, हाऽट" ओरडायच्या.

हळूहळू गर्दी कमी झाली. आधी टायपिस्टने येणं सोडलं. मग आया पिल्लांना घेऊन वरच थांबू लागल्या. बडेबाबू सगळ्यांत शेवटपर्यंत आला, एकटाच, चिवटपणे. एके दिवशी तोही आला नाही. दत्तोपंतांनी बराच वेळ हॉर्न वाजवला. टेकडीवर कुठे तरी हुप्प असा आवाज झाला, पण कोणी उतरलं नाही. ते पिशवी घेऊन खाली आले आणि अनुसयाबाईंना म्हणाले, "आज कोणीच नाही आलं."

"मंग चांगलं झालं ना जी. तोंड काऊन उतरलं?"

"चांगलंच झालं," दत्तोपंत म्हणाले, आणि उपरण्याने चष्मा पुसत बसले. अनुसयाबाईंनी न मागता चहा पुढे केला.

त्या वळणावर आता काहीच मरत नाही, असं मी म्हणणार नाही. मागच्या हिवाळ्यात एक रानमांजर गेलं. पट्ट्यांवर दात वाजले तरी वेग कमी न करणारे असतातच. पण अनुसयाबाईंनी दुकानात एक फावडं ठेवलं आहे. मेलेलं जनावर दिसलं की त्या आधी छायाला फोन करतात, आणि तिने सांगितलं की ते उचलून रस्त्यापासून दूर नेतात, म्हणजे त्याच्या वासाने दुसरं येत नाही. दुकानातलं शिळंपाकं आता कडेला फेकत नाहीत, खड्ड्यात टाकतात. पांदणीच्या टोकाला मारुती बसला. पाटी रूपरावांच्या नावाची आहे. मुकेश त्या रस्त्याने गेला की न चुकता चहाला थांबतो. पहिल्यांदा तो थांबला तेव्हा दत्तोपंत त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुझी काही चूक नव्हती, बाळा. तू बरोबर केलं होतं." मुकेश म्हणाला, "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्या रात्री झोपलो असतो, काका." दत्तोपंतांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परवा यशोदाबाईंना गिरडला जायचं होतं. टेकडीवरच्या दर्ग्यावर चादर चढवायचा त्यांचा फार दिवसांचा नवस होता. आमची गाडी होती, मी चालवत होतो, आणि दत्तोपंत पुढे बसून मला प्रत्येक वळणाआधी "हळू" म्हणत होते. वळण नसलं तरी म्हणत होते. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. समुद्रपूर सोडल्यावर त्यांनी एकदम माझा हात धरला. "थांबवा!"

रस्त्यावर एक घोरपड होती. मध्यावर येऊन ती उन्हात थांबली होती, जीभ आतबाहेर करत, अजिबात घाई नसलेली. दत्तोपंत खाली उतरले आणि वाहतूक पोलिसासारखा हात आडवा करून उभे राहिले. मागे एसटी येऊन थांबली. तिच्या मागे दोन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर. एसटीच्या चालकाने खिडकीतून डोकं काढलं.

"काय झालं जी काकाजी?"

"घोरपड आहे."

"तुमच्या घरची हाय काय?"

"नाही. पण जाऊ द्या तिला."

चालकाने इंजिन बंद केलं. एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून पाहू लागली. ट्रॅक्टरवाला उतरून पुढे आला. घोरपडीने दत्तोपंतांकडे मान वळवून पाहिलं, मग एक पाय उचलला, विचार करून तो टेकवला, मग दुसरा.

मागच्या सीटवर यशोदाबाईंनी पदराने तोंड झाकून घेतलं होतं. "लग्नाला चाळीस वर्षं झाली," त्या पदराआडून म्हणाल्या, "माझ्यासाठी हा माणूस मेथी निवडायलासुद्धा कधी थांबला नाही."

घोरपड गवतात शिरली. दत्तोपंतांनी वाकून ती नीट आत गेल्याची खात्री केली, हात खाली केला आणि एसटीला पुढे जाण्याची परवानगी दिली.